काचेमागचा बर्फ

काशान, १८ आजर

आदरणीय तूबा खाला,

तुम्ही आणि नुसरत आगा बरे असाल, थंडीने तुमचा गुडघा त्रास देत नसेल, अशी आशा करतो. मी सियामक, तुमच्या मावसबहिणीचा, अश्रफचा मुलगा. आई गेल्यावर तिच्या चाळिसाव्याला तुम्ही आमच्याकडे आला होता. तेव्हा मी दारात बसून पाहुण्यांच्या चपला जोडीने लावत होतो आणि तुम्ही म्हणालात, "अरे, ज्याची त्याला सापडेल, तू आत ये." तोच मी. आता दुकानांच्या पाट्या रंगवतो. शाळा आठवीत सुटली, पण अक्षर आणि शुद्धलेखन सांभाळून आहे.

एका कामासाठी लिहितोय. माझ्या बायकोची, माहरुखची, तब्येत पानगळीच्या दिवसांत बिघडली होती. डॉक्टरीणबाईंनी हवापालट सांगितला आहे. मागे एकदा टीव्हीवर स्की करणारी माणसं बघताना ती म्हणाली होती, "किती पांढरं आहे." तेवढ्यावरून मी तिला बर्फात न्यायचं ठरवलं.

आता जागा कोणती, ते ठरत नाही. शाहनशीनला मोठं हॉटेल आहे आणि तारेवरचे पाळणे आहेत, असं एका बसवाल्याने सांगितलं. तुमच्या कमरदश्तला उतार लहान आणि माणसं कमी, असंही तोच म्हणाला. पण तो स्वतः कधी वर गेलेला नाही, खालच्या फाट्यावर चहा पिऊन परत येतो. म्हणून तुम्हाला विचारतो. हॉटेलात खोल्या खरंच गरम असतात का? पायऱ्या फार आहेत का? स्की न करता नुसतं बसून बर्फ बघायची सोय कुठे चांगली? मिनीबस वाटेत अडकली तर प्रवासी काय करतात?

माहरुख सध्या नतंझला, तिच्या आईकडे आहे. तिथून तिला घेऊन वर यायचं आणि परतताना दोघांनी काशानला, आमच्या घरी यायचं, असा माझा विचार आहे. यातलं दुसरं मी तिला बोललेलो नाही. नतंझला गेल्यापासून ती परतीचं नाव काढत नाही. त्यामुळे जागा चुकून चालणार नाही.

आपला,
सियामक


कमरदश्त, २६ आजर

सियामक जान,

तुझं पत्र नुसरतने दोनदा वाचलं. म्हणाला, "असं अक्षर सरकारी कचेरीच्या पाटीवरही नसतं." मी हे चुलीपाशी बसून लिहितेय, कागदावर डाग पडला तर तो उकळत्या आशच्या रश्शाचा आहे असं समज.

शाहनशीनच्या हॉटेलाबद्दल मला विचार, कारण त्यांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. हॉटेल झकास आहे. वरच्या मजल्याला भिंतभर काचा, खोलीभर गरम पाण्याच्या नळ्या. चहा घेऊन खुर्चीत बसावं आणि खाली लोकांची तारांबळ बघावी. तिथे येणारे निम्मे लोक स्कीला येतच नाहीत, स्कीचे कपडे दाखवायला येतात. चादरी बघून सांगते, दिवसभर झोपतात.

आमच्या कमरदश्तला एक उतार आणि खुर्च्यांचा एकच पाळणा. तो नुसरत चालवतो. दुपारी बंद करतो आणि जेवायला घरी येतो. कोणी मध्येच लटकलेलं असेल तर आधी उतरवून येतो, एवढी माणुसकी आहे त्याच्यात. बसून बघायला इथे काही नाही. बसलास तर बूड गारठेल.

आणि हॉटेल कशाला म्हणते मी? वरची खोली रिकामी आहे, ती तुमचीच. दोघं या, माझ्या डोळ्यांवर पाय ठेवा. अश्रफचा मुलगा हॉटेलात उतरला हे गावात कळलं तर मी पाव आणायला तरी कोणत्या तोंडाने जाऊ?

एक राहिलंच. खोल्या विचारल्यास, पायऱ्या विचारल्यास, मिनीबस विचारलीस. नवरीला काय हवंय ते कुठे लिहिलंच नाहीस. ती काय म्हणते?

यल्दा आली, वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र. तुमची लग्नानंतरची पहिलीच ना? ताट घेऊन नतंझला जाशीलच.

तूबा


काशान, ५ दय

आदरणीय तूबा खाला,

तुमचं पत्र वाचून घरात कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं. तुमच्या आमंत्रणाने मी लाजलो. पण तुमच्या घरी उतरून तुमची धावपळ करवणं बरोबर नाही. थंडीचे दिवस, तुमचा गुडघा, त्यात आमचं ओझं. आम्ही हॉटेलातच उतरू.

यल्दाचं ताट पाठवलं. डाळिंबं, कलिंगड, सुका मेवा आणि तिच्यासाठी निळी शाल, सगळं बांधून नतंझच्या बसवाल्याकडे दिलं. कलिंगड फुटू नये म्हणून भोवती गवत भरलं होतं. मी स्वतः गेलो नाही. आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं, "येऊ का?" ती म्हणाली, "कशाला, रस्ता खराब आहे." रस्ता खराब होता हे खरं.

तब्येत बिघडली असं तुम्हाला लिहिलं होतं. नीट सांगतो. तिला दिवस गेले होते, आणि पाचव्या महिन्यात मूल गेलं. त्यानंतर थोड्या दिवसांनी ती आईकडे गेली. निघताना मी म्हटलं, "सोडायला येतो." ती म्हणाली, "तुझं काम पडलंय, राहू दे." मी बॅग बसवर चढवली आणि तिच्या सीटची खिडकी नीट बंद होते का ते बघून खाली उतरलो.

तिला काय हवंय, ते तुम्ही विचारलंत म्हणून फोनवर विचारलं. शाहनशीन की कमरदश्त, काचेची खोली की साधी, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुला आवडेल ते कर. माझ्यासाठी त्रास घेऊ नकोस." म्हणजे निर्णय माझ्यावर आहे. शाहनशीन बरं वाटतं. तिथे तिला चालावं लागणार नाही, भिजावं लागणार नाही, काचेमागे बसून सगळं दिसेल.

पश्चिमेची खोली घ्यावी की पूर्वेची?

आपला,
सियामक


कमरदश्त, १४ दय

सियामक जान,

मुलाचं वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. देव तुम्हा दोघांना धीर देवो. त्यावर जास्त लिहीत नाही, तू ते कुठे ठेवायचं या विचारात पडशील.

पूर्वेची घे. सकाळचं ऊन असतं आणि खाली गाड्यांचा आवाज नाही. हॉटेलातल्या माणसाला सांगून बहमनच्या मध्याची खोली धरून ठेवलीय. शाळांच्या परीक्षा संपल्या की तेहरानहून लोंढा येतो, म्हणून लवकर पक्कं कळव.

बाकी वरच्या खोलीचं मी अजून म्हणतेच आहे. धावपळ कसली? दोन कप चहा जास्त. नुसरत म्हणतो, "पोराला आपलं घर लहान वाटत असेल." मी म्हटलं, "अश्रफचा मुलगा आहे, त्याला स्वतःचीच अडचण वाटत असेल."

आणि 'तुला आवडेल ते कर' हे ती कशी म्हणाली? हसून म्हणाली, की भांडी घासता घासता म्हणतात तसं?

तूबा


काशान, २४ दय

आदरणीय तूबा खाला,

तुमचं घर लहान आहे असं माझ्या मनातही आलं नाही, कृपा करून नुसरत आगांना सांगा. तुम्ही पुन्हा बोलावलंत, तुमचा मोठेपणा. पण खरंच नको, तुम्हाला उगीच तोशीस.

आता हॉटेलातली खोलीही सोडून द्यावी लागेल. मी माहरुखला पत्र लिहिलं होतं. तारीख, बसच्या वेळा, पूर्वेची खोली, काचा, कोणते मोजे आणायचे, सगळं सविस्तर. तिचा एका ओळीचा निरोप आला: "राहू दे, सियामक."

ती ते कशी म्हणाली, हे तुम्ही मागे विचारलं होतं. मला सांगता येत नाही. फोनवर मी शब्दांकडे लक्ष देतो, कारण लाइन खराब असते.

तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा सगळ्या गोष्टी बळजबरीने करून घेतो. लग्नाआधी माहरुख मला म्हणाली होती, "तू तसा नाहीस, म्हणून हो म्हणतेय." ते मी पाळलं आहे. ती नको म्हणाली की मी थांबतो. आताही थांबतो. ती येणार नसेल तर काशानलाही बहुधा येणार नाही. घर आवरून ठेवलं आहे. तुम्हाला इतका त्रास दिला त्याबद्दल क्षमा करा.

आपला,
सियामक


कमरदश्त, २ बहमन

सियामक,

हॉटेलची खोली सोडली. दात काढणाऱ्या एका डॉक्टरच्या कुटुंबाला मिळाली, जाऊ दे. आता माझं ऐक, आणि हे मी रागावूनच लिहितेय.

टॅक्सीतून उतरताना तू भाडं विचारतोस. टॅक्सीवाला म्हणतो, "राहू द्या आगा, तुमच्यापुढे काय त्याचं." मग तू काय करतोस? आभार मानून निघून जातोस? न्हावी म्हणतो, "या वेळी माझ्याकडून." तू डोकं पुसून घरी येतोस? नाही ना. पुन्हा विचारतोस, त्याच्यावरही पुन्हा विचारतोस. देशातल्या पोरासोरांना हे कळतं. तारोफ आहे तो. पहिल्या नाहीला कोणी नाही धरत नाही.

माझ्या घराला तू दोनदा नको म्हणालास. मी ते खरं मानलं का? वरच्या खोलीचा पडदा धुवून परत लावला. तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होते.

आणि तुझी बायको एकदा म्हणते, रस्ता खराब आहे, तर तू घरी बसतोस. एकदा म्हणते, राहू दे, तर तू खोली सोडतोस. न्हाव्याला तीन वेळा विचारणारा माणूस बायकोला एकदाच विचारतो. तिच्या जागी मी असते तर मला काय वाटलं असतं, सांगू? की हा वाटच बघत होता मी नको म्हणायची.

दांडगाई करू नकोस, तू करणारही नाहीस. पण दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे दांडगाई नाही. नतंझला जा. फोन नको, पत्र नको. दारात उभं राहून विचारू नकोस, खाली बस. दुसऱ्यांदा विचार, मग तिसऱ्यांदा विचार. तिसऱ्यांदाही नाही म्हणाली तर ते नाही खरं. मग उठून ये, मी तुला एक शब्द बोलणार नाही.

मोजे, काचा, नळ्या यांतलं काहीही तिथे काढू नकोस.

तूबा


नतंझ, ११ बहमन

आदरणीय तूबा खाला,

मी नतंझला आहे. सासूबाई शेजारी गेल्या आहेत म्हणून लिहायला मिळालं.

मी आलो तेव्हा माहरुख अंगणात बसून वाळवलेल्या नाशपाती निवडत होती. निळी शाल तिच्या अंगावर होती. तिने वर बघितलं आणि विचारलं, "तू कशाला आलास? दुकान?"

"बंद ठेवलंय."

"रस्त्यावर बर्फ असेल."

"होता."

मी जास्त वेळ थांबलो तर धीर सुटेल असं वाटून लगेच विचारलं, "बर्फाला येतेस का माझ्याबरोबर?" ती म्हणाली, "कशाला उगीच. राहू दे." खाला, माझा पाय खरंच दाराकडे वळला होता. मग तुमचं पत्र आठवलं आणि मी तिच्यासमोर खाली बसलो. ती माझ्याकडे बघायला लागली. खराब नाशपाती चांगल्यांत टाकली, तेही तिला कळलं नाही.

मी म्हटलं, "का राहू दे?"

"तुला त्रास."

"मला त्रास नाही. येतेस का?"

तेव्हा ती बोलली. म्हणाली, "तू मला काचेमागे बसवणार. पायाखाली उशी, अंगावर रजाई, आणि दर थोड्या वेळाने विचारणार, थंडी वाजते का. मी काय आहे, तुझ्या दुकानातली काचेची पाटी?" मग ती नाशपातीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी तू चादर बदललीस. फरशी पुसलीस. गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावल्यास. काय सुंदर अक्षर होतं. आणि दुकानात गेलास. मला वाटलं, याचं काही गेलंच नाही. जे गेलं ते माझंच."

मी म्हटलं, "त्या दिवशी मी शिंप्याच्या पाटीवर टिंब द्यायला विसरलो."

"कुठलं टिंब?"

"'खय्याती'तल्या, शिवणकामाच्या शब्दातल्या, पहिल्या अक्षरावरचं. ख चा ह झाला, 'खय्याती'चं 'हयाती' झालं, म्हणजे शिवणकामाचं अंगण झालं. पाटी वर चढली तोवर कोणाच्या लक्षात आलं नाही. शिंपी म्हणाला, आगा, मी कोट शिवतो की अंगण?"

"तू? टिंब विसरलास?"

"हो."

तिने हातातलं सगळं खाली ठेवलं. "मग?"

"मग शिडीवर चढून टिंब दिलं. आणि शिडीवरच बसून राहिलो."

"किती वेळ?"

"शिंप्याने चहा वर आणून दिला, इतका वेळ."

ती हसली नाही, पण शाल तोंडावर धरली. तिची आई दारात आली आणि पुन्हा आत गेली.

मग मी तिसऱ्यांदा विचारलं. ती म्हणाली, "येते. पण त्या हॉटेलात नाही. जिथे बसायची सोय नाही आणि तुलाही काही येत नाही, अशा ठिकाणी जाऊ. मला तुला पडताना बघायचंय."

मी विचारलं, "एकदा पडलो तर चालेल का?" ती म्हणाली, "ते तिथे बघू."

म्हणजे कमरदश्त ठरलं. आणि खाला, तुम्ही तिसऱ्यांदा अजून विचारलेलं नाही, तरी उत्तर आधीच देतो: हो. वरची खोली अजून रिकामी असेल तर आम्ही येऊ. माहरुखचं एकच म्हणणं आहे. तब्येत कशी आहे, असं तिला कोणी विचारू नये.

नंतर ती काशानला येईल की नतंझला परत जाईल, ते मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. ते एक विचारलं तर त्याचं उत्तरही तीनदा ऐकावं लागेल, आणि तेवढं बळ सध्या नाही.

आपला,
सियामक


कमरदश्त, १६ बहमन

सियामक जान, माहरुख जान,

खोली तुमची वाट बघतेय. नुसरत मिनीबसच्या थांब्यावर येईल. त्याच्या डोक्यावर लाल टोपी असेल आणि तो मिनीबसवाल्याशी भांडत असेल, त्यावरून ओळखा. स्की आणि बूट मी शेजारून मागून ठेवलेत. सियामकचे थोडे मोठे आहेत, दोन मोजे घालेल.

मी काही विचारणार नाही. आश मात्र करणार, त्याबद्दल दोघांनीही मला काही बोलायचं नाही.

तूबा


काशान, ७ इस्फंद

प्रिय तूबा खाला,

हे पत्र माहरुख लिहितेय. सियामकचं उजवं मनगट अजून फडक्यात आहे. हाडवैद्याने फक्त मुरगळलंय असं सांगितलं, काळजी करू नका. तो शेजारी बसून मला मजकूर सांगतोय. सुरुवात "आदरणीय" अशी करायची होती म्हणे. मी मला हवं तसं लिहितेय.

नुसरत आगांना सांगा, पाळणा थांबवून ते स्वतः खाली धावत आले, हे आम्ही विसरणार नाही. पण खरं तर तेव्हा तो पडून दुखावला नव्हता, नुसता पडला होता. उठायला गेला तर पुन्हा पडला. मग बसल्या बसल्याच घसरत थेट कुंपणापर्यंत गेला आणि तिथून ओरडून मला म्हणाला, "तू पुढे येऊ नकोस, इथे निसरडं आहे." मी उतारावर बसून इतकी हसले की मलाही उठता येईना. तुमच्या गावातल्या एक बाई वर आल्या आणि म्हणाल्या, "या मुलीला काय झालं?" पानगळीपासून मला कोणी असं विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, पण आवाज खाली करून.

मनगट दुसऱ्या दिवशी मुरगळलं. तोपर्यंत त्याला थोडं यायला लागलं होतं, म्हणूनच.

तुम्ही शब्द पाळलात. चार दिवस काही विचारलं नाहीत. म्हणून शेवटच्या सकाळी, तुम्ही कांदे चिरत होता तेव्हा, मी आपण होऊन मुलाबद्दल बोलले. तुम्ही मान वर केली नाहीत, कांदे चिरत राहिलात, त्याबद्दल तुमचे आभार.

आता ते सांगते, जे तो तुम्हाला सांगणार नाही. आत्ता तो चहा आणायला उठलाय.

वरून आम्ही मिनीबसने खाली आलो. तेहरानच्या बसस्थानकावर नतंझची गाडी एका बाजूला उभी होती, काशानची दुसऱ्या बाजूला. त्याने दोन्ही बॅगा डाव्या हाताने उचलल्या आणि मधोमध उभा राहिला. काही विचारीना. हात फडक्यात, त्यामुळे तिकिटं काढायला मीच खिडकीवर गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कुठलं?" मी म्हटलं, "काशान. दोन."

सियामक मागेच होता. त्याने ऐकलं. बॅगा जमिनीवर ठेवल्या आणि भिंतीकडे तोंड करून गाड्यांचं वेळापत्रक वाचायला लागला. खूप वेळ वाचत होता. मी जवळ जाऊन बघितलं. ते भलत्याच दिशेच्या, मशहदच्या गाड्यांचं होतं.

मी त्याला ते पूर्ण वाचू दिलं.

तुमची,
माहरुख